कुंभारीच्या माळावर गोल्फ : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली आणि मामांनी पुण्याहून मागवलेला गोल्फच्या क्लबांचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा, जुना हाफ सेट घरी आला. सात नंबर आयर्न, नऊ नंबर आयर्न, चेंडू उंच उडवायचे पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि चेंडू जमिनीवरून भोकात घालवायचा पटर. नियमाने पिशवीत १४ क्लब ठेवता येतात, पण शिकायला हे पुष्कळ झाले. सर्वांत लांब मारायचा ड्रायव्हर मुद्दाम घेतला नाही.

काम असं ठरलंय. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मला आणि माझ्या सातवीतल्या लेकीला चेंडू सरळ मारता आला पाहिजे, भोकाच्या पन्नास पावलांत आल्यावर तो तीन-चार फटक्यांत आत घालता आला पाहिजे आणि खेळाचे मुख्य नियम तोंडपाठ झाले पाहिजेत. सराव घरच्या गच्चीवर आणि सुट्टीच्या दिवशी अक्कलकोट रोडला कुंभारीच्या पुढे मामांचं रान आहे तिथे.

मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली काही वर्षं त्यांनी राजस्थानातल्या एका छावणीच्या गोल्फ कोर्सची देखभाल केली. साहेब लोकांबरोबर फिरताना खेळ पाहिला आणि संध्याकाळी कोर्स रिकामा झाला की स्वतः खेळले. शिकवायला तयार झाले ते एकाच अटीवर: सुरुवात पटरने करायची. मग चिप, म्हणजे भोकाजवळचा आखूड फटका, मग अर्धा स्विंग आणि पूर्ण स्विंग सगळ्यांत शेवटी.

त्यांचं म्हणणं मला पटलं, त्याला हिशेबही आहे. पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत पुरा व्हावा अशा, अठरा होलच्या (भोकांच्या) कोर्सवर प्रत्येक होलला पटरचे दोन फटके, म्हणजे दोन 'पट', धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके नुसते पटरचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ ला अदिती अशोक चौथी आली, तेव्हा तिचे लांबचे फटके बाकीच्या आघाडीच्या खेळाडूंपेक्षा आखूड पडत होते. ती टिकली पटिंगच्या जोरावर. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सकाळचा तो चौथा क्रमांक लोकांच्या बोलण्यातून लगेच मागे पडला. अदितीची बॅग तेव्हा तिच्या आईने उचलली होती, हे लेकीला फार आवडतं.

१७ नोव्हेंबर

पकड. तीन प्रकार आहेत. पहिल्यात उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर बसते. ही हॅरी वार्डन या जुन्या गोल्फपटूच्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्यात करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकतात. जॅक निकलसचे हात लहान म्हणून त्याने ही धरली आणि टायगर वुड्सही हीच धरतो. तिसऱ्यात दहाही बोटं दांड्यावर. लेकीने तिसरी घेतली, मी दुसरी. डाव्या हातात दांडा तळव्यातून न जाता बोटांच्या मुळांतून गेला पाहिजे. तळव्यात धरला की मनगट मोडत नाही आणि सगळा जोर खांद्यातून यायला लागतो.

लेक गल्लीत पोरांबरोबर क्रिकेट खेळते, त्यामुळे तिचं पुढचं कोपर वर राहतं आणि फटका मारल्यावरही बॅटचा चेहरा समोरच राहावा तसा क्लबचा चेहरा ती धरून ठेवते. गोल्फमध्ये हात अंगाभोवती फिरतात, चेहरा मागे जाताना उघडतो आणि पुढे येताना मिटतो. मिटू दिला नाही तर चेंडू उजवीकडे जातो. मामा म्हणाले, "क्रिकेट सोडू नको, पण इथं आल्यावर बॅट बाहेर ठेवून ये." तिने ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

१ डिसेंबर

गच्चीवरची जाळी उभी राहिली. हिच्याबद्दल नीट लिहून ठेवते, कारण शहरात राहून शिकणाऱ्याला जागेचा प्रश्न पहिला येतो.

जीआय पाइपचा दहा बाय दहा फुटांचा सांगाडा, त्यावर नायलॉनची जाळी. नुसत्या जाळीवर भरवसा ठेवता येत नाही. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्रिकेटच्या चेंडूच्या तिपटीने हलका आहे, पण इतका कडक आणि वेगवान की जाळीचा एक जरी डोळा उसवला तरी शेजारच्या गच्चीवरची काच गेलीच. म्हणून जाळीच्या मागे हातभर अंतरावर सोलापुरी चादर टांगली. मी एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे, तिथून विणीत दोष असलेला 'सेकंड'चा माल स्वस्तात मिळाला. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोन्ही इतक्या उपयोगाला येतील असं मात्र वाटलं नव्हतं.

चादर फक्त वरून बांधायची, खालची कड मोकळी सोडायची. चेंडू लागला की सुताचं ते सगळं वजन मागे झुलतं, चेंडूचा वेग त्यात जिरतो आणि तो सरळ खाली पडतो. मामांनी आधी खालची दोन्ही टोकं सांगाड्याला ताणून बांधून दाखवली आणि हाताने चेंडू फेकला: उसळून परत त्यांच्याच पायाशी. ताणलेलं कापड चेंडू परत फेकतं, सैल कापड त्याला धरतं. दर आठवड्याला चादर अर्धा फूट सरकवायची, म्हणजे मार एकाच जागी बसत नाही आणि ताणा तुटत नाही.

आमच्या चादरीवर जेकार्डची मोठी फुलं आहेत, मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. ही फुलं शिकवायला लागली. जाळीत मारलेल्या चेंडूचं पुढचं वळण दिसत नाही, पण तो कुठल्या दिशेने निघाला हे दिसतं. निघायची दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा चेहरा कुठे बघतो त्यावर ठरते. वळण ठरतं ते चेहरा आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. त्यामुळे चेंडू उजव्या फुलावर गेला की चेहरा उघडा होता, डाव्या फुलावर गेला की मिटला. लेक आता न बघता, नुसत्या आवाजावरून फूल ओळखते. मधल्या फुलाजवळ चादर दुहेरी दुमडली आहे, तिथला आवाज दबका येतो.

खालच्या मजल्यावरच्या अक्कांशी बोलून वेळ ठरवून घेतली. दुपारी एक ते चार सराव बंद.

८ डिसेंबर

पटिंग, फक्त पटिंग. लेकीच्या भूमितीच्या सामानातल्या स्टीलच्या पट्टीवर चेंडू ठेवायचा आणि पट्टीवरून न पडता शेवटपर्यंत घालवायचा. पट्टी सुटेपर्यंत चेंडू टिकला तर चेहरा सरळ होता. याहून स्वस्त आणि याहून खरं साधन मला माहीत नाही.

२२ डिसेंबर

सात नंबर आयर्न आज पहिल्यांदा हातात. अर्धा स्विंग, हात कमरेपर्यंत.

क्लबच्या चेहऱ्यावर टाल्कम पावडरीचा पातळ थर मारायचा. एक चेंडू मारला की पावडरीत गोल ठसा उमटतो. बारकाईने पाहिलं तर त्यात चेंडूवरच्या खळग्यांची नक्षीही दिसते. ठसा मधोमध असेल तर हाताला काहीच जाणवत नाही, जणू क्लब हवेतून गेला. टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ असेल तर झटका कोपरापर्यंत येतो. टोकाकडे असेल तर क्लब हातात फिरतो. लेकीचे ठसे टोकाकडे सरकलेले, म्हणजे ती चेंडूपासून लांब उभी राहते किंवा खाली येताना हात आखडते. मामांनी तिला चार बोटं जवळ उभं केलं आणि पुढचे ठसे मध्ये यायला लागले. शिकवणाऱ्याने शंभर वेळा सांगण्यापेक्षा हा ठसा जास्त लवकर पटतो, कारण तो आपल्याच हाताचा असतो.

दुसरं काम टॉवेलचं. आयर्नने चेंडू वर उडवायचा तर क्लब खाली यायला हवा. आधी चेंडू, मग जमीन. क्लबच्या फेरीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे पडला पाहिजे. क्लबच्या चेहऱ्याला तिरपेपणा दिलेलाच असतो, चेंडू वर न्यायचं काम त्याचं. आपण खालून उचलायला गेलो की क्लब आधी जमिनीला लागतो. रबरी मॅटवर हा दोष लपतो. क्लब चार इंच मागे आपटला तरी मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो. म्हणून चेंडूच्या मागे वितीवर टेरी टॉवेलची दुहेरी घडी ठेवायची. क्लब मागे पडला की टॉवेल उडतो, दडवायला जागाच राहत नाही.

मॅटखाली जुनी सतरंजी घातली आहे. स्लॅबवर नुसती मॅट ठेवून आयर्न मारत राहिलं तर कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायूबंध सुजतो. त्या दुखण्याला डॉक्टर खेळाच्याच नावाने ओळखतात.

१५ जानेवारी २०२५

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. घरात पाहुणे, होम मैदानावर सगळं सोलापूर. सराव नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून रानात. काळ्या मातीच्या पट्टीत ज्वारी कमरेच्या वर गेली आहे. कणसं भरायला लागलीत. तिच्या वरच्या अंगाला माळ आहे, मुरमाड आणि पडीक. तिथे कधी काही पेरलं नाही. खेळायची जागा तीच.

सँड वेज इथे चालत नाही हे पहिल्या तासातच समजलं आणि कारणही समजलं. सँड वेजच्या तळाला फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. मऊ वाळूत किंवा दाट गवतात तो क्लबला रुतू देत नाही. कडक मुरमावर तोच तळ आपटून उसळतो आणि क्लबची खालची धार चेंडूच्या पोटात बसते. चेंडू वर जायच्या ऐवजी सपाट सुटतो. मामांनी वेज पिशवीत ठेवायला लावला आणि नऊ नंबर दिला: "इथं चेंडू उडवायचा नाही, पळवायचा." सोलापूरच्या जमिनीला साजेसा फटका हाच. हातभर हवेत, बाकी जमिनीवरून.

ज्वारीबद्दल नियम: पीक म्हणजे हद्दीबाहेर. चेंडू त्यात गेला तर एक फटका दंड आणि परत त्याच जागेवरून. शोधायला आत शिरायचं नाही. गोल्फचे नियम चेंडू शोधायला तीन मिनिटं देतात (२०१९ पूर्वी पाच होती), पण उभ्या पिकात तीन मिनिटंसुद्धा द्यायची नाहीत, असं मामींनी बजावलंय. चेंडू भगव्या रंगाचे आणले. पांढरा चेंडू मुरमावरच्या गारगोट्यांत हरवतो.

१६ फेब्रुवारी

ज्वारी काढायला आली. सगळे रानात, भाकरी आणि शेंगाचटणी बांधावरच. जेवताना मामांनी त्यांच्या छावणीच्या कोर्सवरचं 'ब्राउन' सांगितलं. पाणी नसलेल्या भागात हिरवळ ठेवता येत नाही, म्हणून भोकाभोवती गवताऐवजी वाळूचा सपाट गोल करतात. हिरवा तो ग्रीन, तर हा ब्राउन. वारा वाळू उडवून नेऊ नये म्हणून तिच्यात जळकं ऑइल मिसळतात. पटिंगच्या आधी वाळूवरून ओढायच्या काठीने, म्हणजे ओढणीने, एक पट्टा साफ करून घ्यायचा आणि मग मारायचं. ब्रिटिशांच्या काळापासून देशातल्या कोरड्या छावण्यांत हेच चाललं. आखाती देशांतही तेल कंपन्यांच्या लोकांनी वाळवंटात असेच कोर्स केले. तिथे खेळणारे कृत्रिम हिरवळीचा तुकडा बरोबर घेऊन फिरत आणि प्रत्येक फटका त्यावर चेंडू ठेवून मारत.

ऑइलला मी नको म्हटलं. माळाच्या उताराला विहीर आहे, पहिल्याच पावसात ते तिकडे जाणार.

तोवर गप्प असलेल्या मामी म्हणाल्या, "वाळू बसवायला ऑइल कशाला पाहिजे? खळं करा की."

सगळे थांबलो. मळणीयंत्र आल्यापासून मामांच्या रानात खळं झालेलं नाही. पण मामींनी लग्न होऊन आल्यावर कितीतरी सुगी खळी सारवली आहेत. दाणा मातीत जाऊ नये म्हणून खळ्याची जमीन घट्ट, गुळगुळीत आणि सपाट लागते. आम्हाला नेमकी तीच हवी आहे.

२३ फेब्रुवारी

खळं झालं. ही नोंद सविस्तर.

जागा मामींनी निवडली. काळी माती नको, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत चेंडूच काय, हात जातो. माळावरचा तांबूस मुरूम घेतला. नऊ मीटर व्यासाचा गोल दोरीने आखला. टिकावाने वीतभर उकरलं, दगड वेचले, ढेकळं फोडली, दाताळ्याने सारखं केलं. मामांनी पाण्याच्या नळीने पातळी काढली. छावणीत शिकलेलं काम, बोटाच्या पेराएवढाही फरक त्यांनी ठेवला नाही. मग टँकरचं पाणी भरपूर मारलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी वाफसा आल्यावर धुम्मस. कडेपासून मध्याकडे, गोल गोल. ओल जास्त असली तर माती धुम्मसला चिकटून वर येते, कमी असली तर भुगा होतो. मामी अनवाणी चालून ओल तपासत होत्या. टाच किंचित उमटली पाहिजे, बोटं उमटता कामा नयेत. हे मोजायला कुठलं यंत्र आणणार?

मग शेणकाला. ताजं शेण पाण्यात पातळ करून खराट्याने पसरायचं, एकाच दिशेने, मागे सरत. पहिला हात वाळताना बारीक भेगा पडल्या. त्या दुसऱ्या हाताने भरल्या. तिसरा हात अगदी पातळ, नुसता रंग यावा एवढा. संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर त्या गोलावर एकही उंचवटा सावली टाकत नव्हता. मामींनी पायातली चप्पल काढून लेकीलाही काढायला लावली. खळ्यावर चप्पल घालून जात नाहीत.

भोक मधोमध. पूर्वी मळणीला बैल फिरायचे तेव्हा खळ्याच्या मध्यावर तिवडा रोवलेला असायचा, बैल त्याला बांधलेले. मामींनी तिवड्याची जागा दाखवली आणि मामांनी तिथेच पहार घातली. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर आणि खोली किमान १०१.६ मिलिमीटर असते. ११० च्या पीव्हीसी पाइपचा आतला व्यास १०८ पेक्षा थोडा कमी भरतो. तो तुकडा कापून पुरला, वरची कड जमिनीच्या बोटभर खाली. भोक नियमापेक्षा जरासं अरुंद झालं, सरावाला ते चांगलंच. झेंड्याला कळकाची काठी आणि टॉवेलची लाल किनार.

२ मार्च

खळं वाळून खणखणीत. वर चाळलेल्या वाळूचा पातळ हात. वाळूवर पाय उमटतात, म्हणून कळकाला गोणपाट बांधून ओढणी केली. पट मारण्याआधी एकदा ओढायची.

वेग मोजला. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो. एडवर्ड स्टिम्पसन याने १९३५ मध्ये तो लाकडाचा केला आणि पुढे अमेरिकन गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात तो अॅल्युमिनियमचा केला. तीन फूट लांबीची खाच असलेली पट्टी, वरच्या अंगाला चेंडू बसायला खळगी. पट्टी हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि जितके फूट घरंगळतो तितका ग्रीनचा वेग. लेकीने अॅल्युमिनियमच्या अँगलला कानसीने खाच पाडून शाळेच्या प्रदर्शनासाठी तो बनवला. सकाळी सातला, रात्रीची ओल असताना, चेंडू सात फुटांच्या आत थांबतो. दुपारी खळं तापलं की नऊपर्यंत जातो. एकच जमीन, पण हात दोन वेगळे लागतात. तिच्या तक्त्यात आता वेळेचा रकाना आहे.

पटिंगचा जोर किती, तर चुकला तर भोकाच्या पुढे फूट-दीड फूट जाऊन थांबेल इतका. आखूड पडलेला पट कधीच आत जात नाही. जोरात मारलेल्या चेंडूला भोक लहान होतं, कडेला लागून तो वरच्यावर निघून जातो. हळू आलेला चेंडू कडेवरूनही आत पडतो.

२३ मार्च

ऊन तापलं. सहा ते आठ एवढाच सराव, नंतर माळावर उभं राहवत नाही.

चिपचा हिशेब पाठ झाला. पिचिंग वेजने चेंडू एक भाग हवेत आणि दोन भाग जमिनीवर, नऊ नंबरने एकास तीन, सात नंबरने एकास पाच. स्विंग तोच ठेवायचा आणि क्लब बदलायचा. खळ्याबाहेरचा मुरूम पुस्तकी ग्रीनपेक्षा कडक आहे, म्हणून आमच्याकडे प्रत्येक क्लबचं घरंगळणं अर्ध्या भागाने जास्त धरावं लागतं. वजन डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाच्या समोर, मनगटं मुकाट. लेक यात माझ्या पुढे गेली आहे. कडब्याच्या गंजीजवळून सात नंबरने मारलेला तिचा चेंडू धसकटांमधून वाट काढत खळ्यावर चढतो आणि झेंड्याशी जाऊन थांबतो. २०१९ पासून पट मारताना झेंडा भोकात ठेवला तरी चालतो, ती ठेवतेच.

६ एप्रिल

खळ्याच्या पूर्वेला वीस पावलांवर टिटवीची चार अंडी. घरटं असं काही नाहीच, मुरमात उथळ खळगा आणि भोवती खडे. जवळ गेलं की जोडी डोक्यावर घिरट्या घालते. चार खुंट्या ठोकून दोरी बांधली. गोल्फच्या नियमांत 'नो प्ले झोन' असतो, तिथून खेळायचंच नाही, चेंडू गेला तर दंड न घेता बाहेर काढायचा. गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा, हाही २०१९ चाच बदल. पिल्लं उडून जाईपर्यंत आम्ही पश्चिमेकडून खेळू.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, सुट्टी. पहाटे उठून मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा शेवट पाहिला, मामाही रात्री इकडेच राहिले होते. रोरी मॅकिलरॉयला अठराव्या होलवर सुमारे पाच फुटांचा पट घातला की जिंकायचं होतं. तो चुकला. जस्टिन रोझबरोबर प्लेऑफ, पुन्हा तेच होल. या वेळी त्याने वेजने चेंडू भोकाच्या तीन-चार फुटांवर आणला आणि पट घातला. गोल्फच्या चारही मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धा जिंकणारा तो सहावा खेळाडू.

पाच फूट म्हणजे आमच्या खळ्यावर भोकापासून लाल खडूच्या खुणेपर्यंतचं अंतर. लेक रोज तिथून मारते. टीव्ही बंद करून ती जिन्यात गेली आणि पट्टीवर चेंडू ठेवून बसली. आठ वाजता मिरवणुकीच्या तयारीचे ढोल सुरू झाले, तोवर तिथेच होती.

४ मे

पुण्याला, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने. तिथल्या एका रेंजवर आणि सरावाच्या ग्रीनवर आयुष्यात पहिल्यांदा गवतावरून खेळलो.

गवतावर सात नंबर फार बोलका होतो. चेंडू आधी, मग गवत: बरोबर लागला तर चेंडूच्या पुढे तळहाताएवढा तुकडा निघतो. त्याला डिव्हट म्हणतात, आणि तो उचलून परत जागेवर दाबायचा. टॉवेलच्या सरावाचं चीज झालं. माझे तुकडे चेंडूच्या पुढूनच निघत होते.

ग्रीनवर मात्र नवी विद्या. आमचं खळं सपाट, तिथे सगळे पट सरळ. इथे उतार होता आणि गवताचा कलही. अंतराचा अंदाज आमचा चांगला निघाला, दिशा चुकत होती. तिथल्या शिकवणाऱ्या काकांनी दोन गोष्टी दाखवल्या. उतार वाचायचा तर भोकाच्या खालच्या बाजूने बघायचं. आणि चेंडू जिथे थांबायला येतो तिथे सर्वांत जास्त वळतो, म्हणून भोकाजवळचे शेवटचे तीन फूट आधी वाचायचे. दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, कुणी मारत असताना बोलायचं नाही, चेंडू कुणाकडे निघाला तर 'फोर' म्हणून ओरडायचं. हे मामांनी आधीच घोटून घेतलं होतं.

ते काका कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणारा, म्हणून सुरुवात करून शिकवायला लागले. परतीच्या गाडीत मी लेकीला अली शेरबद्दल सांगितलं: दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, हे जमलेला पहिला भारतीय व्यावसायिक, आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. माळावर शिकणाऱ्या पोरीला अली शेर माहीत असलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

११ मे

खळ्याच्या एका कडेला मुरूम घालून वितीचा उतार दिला, वर शेणकाल्याचे दोन हात. वळणाचे पट आता इथेच घोटता येतील. टिटवीची पिल्लं दोरीच्या बाहेर हिंडतात.

२५ मे

पाऊस फारच लवकर आला. मे महिन्यातच माळावरून ओहोळ वाहिले. शेणकाल्याचे पापुद्रे सुटले, उताराची कड वाहून गेली, भोकात पाणी. मामींना त्याचं काही विशेष वाटलं नाही: "खळं दर सालीच करायचं असतं." पाइप काढून धुऊन ठेवला. मधला गोल धुम्मसमुळे अजून टणक आहे, पुढच्या वर्षी एवढी मेहनत लागणार नाही.

८ जून

ठरवलेल्यापैकी कुठवर आलो, तर पट आणि चिप हाताला बसले. अर्धा स्विंग भरवशाचा. पूर्ण स्विंगमध्ये लेकीचा चेंडू सरळ जातो, माझा शेवटी उजवीकडे वळतो. निघतो मधल्या फुलावरूनच, म्हणजे चेहरा ठीक आहे, क्लबचा मार्ग बाहेरून आत येतोय. पावसाळाभर गच्चीवर तेवढंच काम. चादर बदलली, जुनीच्या मधल्या फुलाचा ताणा शेवटी तुटला.

दसऱ्यानंतर माळावर आणखी दोन खळी. पहिल्यापासून दुसरं नव्वद पावलांवर, चिंचेच्या अलीकडे. तिसरं विहिरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे चेंडू ओघळीवरून उडवावाच लागेल आणि वेज बाहेर काढावा लागेल. मामांनी दोन ब्रास मुरूम सांगून ठेवलाय, मामींनी शेजारच्या गोठ्यावर शेणाचं बोलणं केलंय, आणि तिन्ही होलचा पार किती धरायचा यावर लेक आणि मामा अजून भांडतायत.